विक्रीला आलेला चष्मा

१

पडद्यावर चष्मा दिसला आणि पाझित हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवायला गेली, तो सरळ जमिनीवर पडला. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.

जेरुशामावशीच्या दुकानाचं पान समोर उघडं होतं. हळद, लाल तिखट, जाडे पोहे, गव्हाच्या चिकाचा हलवा, सगळं जिथल्या तिथे. आणि सगळ्यांच्या खाली, काल नसलेली एक नवी वस्तू. जाड भिंगांचा, काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवायचा चष्मा. पांढऱ्या कापडावर नीट मांडलेला. नाव नाही, वर्णन नाही. किंमत शून्य. शिल्लक नग एक.

हा चष्मा मावशी झोपतानाच काय तो काढायची. तो नसला तर तिला समोरचा माणूस की खांब हेही कळत नसे.

१९९९ सालचा ऑक्टोबर. ज्यूंचा सुक्कोतचा सण नुकताच उरकला होता आणि इस्रायलच्या नेगेव वाळवंटातलं येरुहाम गाव सणानंतरचं आळसावलेलं होतं. छोट्या दुकानदारांचा माल कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये चढवायचा, म्हणजे दूरदेशीचं गिऱ्हाईक घरबसल्या बघेल आणि मागवेल, अशी एक योजना तिथे निघाली होती, आणि पाझित त्या योजनेची गावातली एकुलती एक माणूस होती. दुकानदुकान फिरून ती लोकांच्या गळी हे उतरवायची. "दारातलं गिऱ्हाईक उधार मागतं, तारेतलं काय देणार?" म्हणून लोक हसायचे. पाझितही हसायची, पण हटायची नाही.

सगळ्यांत आधी हो म्हणाली ती जेरुशामावशी. सत्तरीची, कोकणातल्या पेणजवळच्या खेड्यात जन्मलेली, तिथल्या ज्यू तेल्याची लेक. एक अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं. पाझितने कॉम्प्युटरच्या बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवून दिल्या होत्या. फोटो काढायचा, कॅमेऱ्यातली फ्लॉपी कॉम्प्युटरात घालायची, लाल टिकली, मग हिरवी टिकली. हिरवी दाबली की कॉम्प्युटर आपणहून फोन लावायचा आणि फोटो कॅटलॉगमध्ये जायचा. म्हातारी आठवड्यात पटाईत झाली.

पाझितची आई कारखान्यात पाळीला जायची तेव्हा पाझित वाढली ती याच बाईच्या मांडीवर. त्यामुळे पडद्यावरचा तो चष्मा बघून तिच्या हातून कप पडला तो काही योजनेच्या काळजीने नव्हे.

ती धावत दुकानावर गेली. दुकानाला कुलूप होतं.

२

किल्ली मावशीच्या पुतण्याकडे होती. ओदेद चाळिशीचा, टॅक्सी चालवायचा, आणि मराठीत विचारलं तरी उत्तर हिब्रूत द्यायचा.

"नेतिवोतला गेलीय बहिणीकडे. तीन दिवस झाले," तो कुलूप काढत म्हणाला. "गेउलाने सांगितलं मला."

दुकानात सगळं जागच्या जागी होतं. फक्त योजनेने दिलेली पिशवी नव्हती. उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर, त्याची वायर, कॅमेरा, पांढरं कापड, सगळं त्याच पिशवीत राहायचं. पाझितने कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडला. मावशीची साखरेची इंजेक्शनं तशीच होती.

"ओदेद, ही सोडून मावशी शेजारच्या गल्लीतसुद्धा जात नाही."

ओदेदने फ्रिजमध्ये पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. की उतरवला? या जागेत फलाफेलच्या वड्यांचं दुकान टाकायची त्याची इच्छा साऱ्या गावाला ठाऊक होती.

नेतिवोतला फोन लावला. बहीण म्हणाली, "जेरुशा? गो, ती पेसाहच्या सणानंतर इकडे फिरकलीच नाय!"

शेजारी गेउलाचं बांगड्या-साड्यांचं दुकान. मावशीचं आणि तिचं सख्य विळ्याभोपळ्याचं. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर मावशीचा हलवा आला आणि आपल्या बांगड्या तिसऱ्या पानावर गेल्या, तेव्हापासून गेउला तिच्याशी बोलत नव्हती.

"माझं काय नाव घेतेस? मला इतामारने सांगितलं, नेतिवोतला गेली म्हणून. आणि गेली तर बरं झालं. हल्ली तिला कुणाचा मालच पसंत पडेना. हळद पाण्यात टाकून बघत बसायची. म्हणे पाणी पिवळंजर्द होतं, हळद तळाला बसत नाही. वेड लागायची लक्षणं, दुसरं काय!"

इतामार मसाल्याचा घाऊक व्यापारी, मावशीच्या दुकानातली हळदही त्याच्याकडचीच. गावाबाहेर कारखान्यांच्या वस्तीत त्याचं गोदाम होतं. पाझित तिथे पोचली तेव्हा वारा सुटला होता आणि पत्रे खडखडत होते. इतामारने हसून स्वागत केलं, खुर्ची दिली, चहा दिला.

"पुन्हा तुझा कॅटलॉग घेऊन आलीस? मी सांगितलं ना, माझा धंदा माझ्या जिभेवर चालतो. कॉम्प्युटरला मी हातसुद्धा लावायचा नाही."

"कॅटलॉगसाठी नाही आले. जेरुशामावशी कुठे आहे?"

"नेतिवोतला. ओदेदच म्हणाला की."

ओदेद म्हणतो गेउला, गेउला म्हणते इतामार, इतामार म्हणतो ओदेद. वावडीला पाय होते, डोकं नव्हतं. या तिघांपैकी कुणीतरी एकजण ही थाप जन्माला घालून नामानिराळा झाला होता, आणि तिघंही तिला लहानपणापासून चॉकलेटं देणारी माणसं होती. तिने चहाचा कप बाजूला सारला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर काहीतरी सरकलं.

"उंदीर," इतामार म्हणाला. "मसाल्याला सोकावलेत. अजून साखर हवी?"

३

पोलीस चौकीवर झेहावा नावाची हवालदार होती. मूळची मोरोक्कन घराण्यातली, बोलायला फटकळ, पण मनाने सरळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेन ठेवलं.

"म्हातारी कॉम्प्युटर घेऊन कुठेतरी गेलीय आणि खेळतेय. ती हरवल्याची सूचना फिरवते, बस्. घराघरात घुसायला मला कारण लागतं."

पाझित योजनेच्या कचेरीत परतली. कॅटलॉगमध्ये आणखी एक वस्तू आली होती. मावशीच्या चपला. किंमत शून्य. नग एक. फोटो अंधुक, हलल्यासारखा.

चष्मा. चपला. आता पुढे काय येणार? कुणीतरी मावशीच्या अंगावरून एकेक वस्तू उतरवत होतं आणि साऱ्या जगासमोर मांडत होतं, असंच तिच्या मनाने घेतलं. कचेरीचा दरवाजा तिने आतून लावून घेतला. बाहेर कुणी खोकलं तरी ती उठून कडी पुन्हा तपासायची. या पानाची हिरवी टिकली कुणाच्या हातात होती? आणि तो हात उद्या आपल्या दारावर पडला तर?

भीतीने माणूस एकाच गोष्टीकडे टक लावून बघत बसतो. तशी ती चपलांकडे बघत बसली, आणि मग तिला चपलांच्या शेजारी काहीतरी दिसलं.

काड्यापेटी. उभी ठेवलेली.

तिने चष्म्याचा फोटो उघडला. तिथेही काड्यापेटी होती, तशीच उभी.

पाझितने दुकानदारांना शिकवलं होतं, की वस्तूशेजारी काड्यापेटी उभी करा, म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला वस्तू केवढी ते कळेल. सगळे दुकानदार माना डोलवायचे आणि सगळे विसरायचे. गेउलाच्या एका बांगडीशेजारी काड्यापेटी नव्हती. विसरत नव्हती ती एकटी मावशी. पाटीवर अक्षर कधी गिरवलं नाही, पण शिकवलेला धडा तिने कधी मोडला नाही.

एखादा पळवून नेणारा माणूस कापड अंथरून, सुरकुत्या काढून, काड्यापेटी उभी करून फोटो कशाला काढेल?

म्हणजे हे फोटो मावशीच काढत होती. मावशी जिवंत होती! पाझित उठून उभी राहिली, हसली, आणि त्याच क्षणी तिला रडू फुटलं. मावशीला लिहिता येत नव्हतं. तिच्यापाशी टेलिफोन नसणार. तिला बोलायला वस्तूंचे फोटो आणि हिरवी टिकली, एवढंच उरलं होतं. आणि फोटो अंधुक होत चालले होते, म्हणजे हात थरथरत होते. अंगातली साखर चढत होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी वस्तू आली. ताट.

ते मलिदाचं ताट होतं. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, भोवती फळं. कोकणातून आलेल्या बेने इस्रायलींच्या घरी संकट आलं, नवस फेडायचा असला, की एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने हे ताट मांडतात. पण या ताटात पोहे कोरडे होते, गूळ नव्हता, फळांच्या जागी सुकी मिरची आणि खजूर. ताटाच्या पुढच्या कडेला एक रिकामा पेला, दिव्याच्या जागी. त्यापलीकडे काड्यापेटी. पेल्याची आणि काड्यापेटीची सावली फोटो काढणारीपासून पुढे, सरळ वरच्या बाजूला पडली होती.

पाझित झेहावाकडे धावली. या खेपेला तिच्याकडे कारण होतं.

"ताट प्रार्थनेचं आहे. प्रार्थनेला माणूस यरुशलेमकडे तोंड करतो. इथून यरुशलेम उत्तरेला. मावशी उत्तरेकडे तोंड करून बसलीय आणि ऊन तिच्या पाठीमागून येतंय. म्हणजे खिडकी दक्षिणेला! गेउलाच्या मागच्या खोलीला खिडकीच नाही. ओदेदच्या घरामागे एक खोली आहे, तिची खिडकी दक्षिणेला उघडते."

झेहावाने जीप काढली. ओदेदने दार उघडलं, काय चाललंय ते ऐकलं, आणि मुकाट्याने मागच्या खोलीची किल्ली पुढे केली. आत फलाफेल तळायचं एक मोठं यंत्र होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दुसरं काही नव्हतं.

ओदेद भिंतीला टेकून उभा राहिला आणि पाझितने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य ऐकलं.

"माझी आई गेली तेव्हा काकीने मला पोसलं. मी तिला कोंडणार?"

पाझितला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. झेहावाने जीपचं दार जोरात आपटलं. आणि मावशी जिथे कुठे होती तिथे आणखी एक सकाळ इंजेक्शनावाचून सरत चालली होती.

५

कचेरीत येऊन पाझितने ताटाचा फोटो पुन्हा उघडला. चूक कुठे झाली? दिवा पुढे, मावशी मागे, ऊन पाठीशी. सगळं बरोबर होतं.

सहज म्हणून तिने समोरच्या टेबलावर आपली काड्यापेटी उभी केली. दुपारची वेळ होती, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. काड्यापेटीची सावली आखूड पडली, तिच्या स्वतःच्या उंचीपेक्षाही कमी. फोटोतली सावली मात्र कापडाच्या टोकापर्यंत गेली होती.

एवढी लांब सावली ऊन आडवं असल्याशिवाय पडत नाही. आणि या दिवसांत ऊन आडवं असतं ते सूर्य उगवताना नाहीतर मावळताना. तेव्हा सूर्य दक्षिणेला कधीच नसतो!

मग मावशी उत्तरेकडे तोंड करून बसलेली नव्हतीच.

पाझितने कपाळावर हात मारला. अगदी खराखुरा, चट्टदिशी. ती स्वतः येरुहामात जन्मलेली, शाळेत दिशा शिकलेली. मावशी शिकली होती कोकणात. कोकणातून यरुशलेम पश्चिमेला. लहानपणी बापाने तिला सांगितलं होतं, "सकाळचा सूर्य पाठीवर घ्यायचा, की तोंड आपोआप यरुशलेमकडे होतं." इथे येऊन चाळीस वर्षं झाली तरी ती सूर्य पाठीवर घेऊनच उभी राहायची. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या वेळी बायका तिला खांद्याला धरून वळवायच्या, आणि जरा वेळाने ती पुन्हा पश्चिमेला वळलेली असायची. सारं गाव यावरून तिची थट्टा करायचं. पाझितनेही केली होती.

तोंड पश्चिमेला, सूर्य पाठीशी. म्हणजे सकाळ. म्हणजे खिडकी पूर्वेला.

आणि आता दुसरा प्रश्न आपोआप उभा राहिला. मावशीला कोंडणाऱ्याने टेलिफोन तिच्या हाती लागू दिला नाही, मग कॉम्प्युटर का राहू दिला? ओदेद घरी इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायचा. गेउलाला पाझितने स्वतः शिकवलं होतं. कॉम्प्युटरची वायर भिंतीतल्या टेलिफोनच्या खाचेत खोचली की तो जगाशी बोलतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी तो आधी उचलला असता. फोन काढून घ्यायचा आणि कॉम्प्युटर बिनधास्त ठेवायचा, ही चूक एकच माणूस करू शकत होता. ज्याने कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

ज्याची हळद तळाला बसत नव्हती तो माणूस.

"झेहावा," ती फोनवर म्हणाली, "वरच्या मजल्यावर उंदीर नव्हते."

६

गोदामाच्या वरच्या मजल्याची खिडकी पूर्वेला होती. खालूनच दिसत होती, जाड गजांची.

इतामार दारातच उभा होता. हसणं तेच, पण खुर्ची पुढे आली नाही.

"वर? वर रिकामी पोती आहेत. किल्ली बीरशेबाला नोकराकडे राहिलीय. उद्या या."

झेहावाने पाझितकडे पाहिलं. एकदा तोंडघशी पडली होती ती, दुसऱ्यांदा पडली तर नोकरीवर बेतलं असतं. "पक्कं?" तिने हळूच विचारलं.

पाझितला हो म्हणता येईना. तर्क कागदावर लोखंडासारखा पक्का वाटला होता. इथे, इतामारच्या रुंद छातीसमोर, तो फार लंगडा वाटायला लागला. सावली आणि काड्यापेटी! मावशी वर नसली तर? आणि असली, पण उशीर झालेला असला तर?

तेव्हा वरून आवाज आला.

आधी टेलिफोनचे आकडे लागल्याची टिकटिक, मग एक चिरकी शीळ, मग फुसफुस आणि घरघर. कॉम्प्युटर तारेवरून फोन लावतो तेव्हा असाच ओरडतो. पाझितने तो आवाज दुकानदुकानात शेकडो वेळा ऐकला होता, वैतागली होती, आणि आज तिला त्याहून गोड काही ऐकल्याचं आठवेना.

इतामारला मात्र तो काय आहे तेच कळलं नाही. त्याने खरोखर दचकून वर पाहिलं. "हे काय ओरडतंय?"

"तुझे उंदीर," पाझित म्हणाली. "ते फोन लावतायत."

तो जिन्याकडे झेपावला, पण झेहावाने त्याला पायात पाय घालून पोत्यांवर आडवा केला. किल्ली त्याच्याच खिशात निघाली.

वरची खोली पूर्ण मिरचीच्या धुळीने भरली होती. मावशी भिंतीला टेकून बसली होती, अनवाणी, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. कॉम्प्युटर मांडीवर होता आणि बोट हिरव्या टिकलीवर. पाझितने हाक मारली तरी ते बोट उचललं जाईना. तिने ते आपल्या हाताने उचललं.

७

बीरशेबाच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी मावशी उशीला टेकून बसली. इतामारच्या हळदीत विषारी रंग निघाला होता, पोती जप्त झाली होती. भेसळ मावशीच्या ध्यानात आली आणि तिने, भाबडेपणाने, आधी त्यालाच सांगितलं. "फोटो पण काढलेत रे तुझ्या हळदीचे," म्हणाली. म्हणून त्याने तिला बोलायच्या निमित्ताने गाडीत घातलं आणि फोटोंसकट पिशवी उचलली. पुढे काय करायचं हे त्याचं त्यालाच ठरवता येईना, असं तो चौकीवर म्हणाला. पाझितला ते ऐकून सगळ्यात जास्त भीती वाटली.

ओदेद खुर्चीत पेंगत होता. गेउला डबा ठेवून, न बोलता, पण मावशीची उशी सारखी करून गेली होती.

पाझितने मावशीला सगळं सांगितलं. काड्यापेटी, सावली, पश्चिम. सांगताना ती थोडी फुशारली, आणि तिला तो हक्क होता.

"किती हुशार गं मावशी तू! चष्मा, चपला म्हणजे मी इथे आहे. आणि मग ताट, म्हणजे दिशा. मला बरोबर कळेल असं ताट मांडलंस."

मावशीने तिच्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून.

"तीन दिस चाचपून भिंतीतली तारेची खाच मिळाली, मंग चष्मा, चपला तुझ्यासाठी टाकल्या, गो. माझ्या वस्तू तू वळखशील म्हणून. रातभर वाट बघितली. तू काय आली नाय."

पाझितने तिच्या पायावरची चादर उगाच सरळ केली.

"मंग म्हटलं, पोरीला नाय कळत. तीच म्हणायची ना, हिरवी टिकली दाबली का साऱ्या दुनियेत दिसतं? मंग एलियाहू हन्नावी काय दुनियेच्या भायेर हाय? ताट तुला नाय दाखवलं मी. त्याला दाखवलं. गूळ नव्हता, फळं नव्हती, लाज वाटली. पण म्हटलं, बघ बाबा, हाय ते हाय." तिने पाझितचा हात हातात घेतला. "त्याने बघितलं का गो?"

पाझितला शाळा, दिशा, तर्क, काही काही आठवलं नाही. तिने मावशीच्या हातावर कपाळ टेकलं.

"बघितलं, मावशी. लगेच बघितलं."